गाणाऱ्या काउगर्लचं चित्रपुस्तक सुचवा (वय ५, डॅलस)

डॅलसची_आई: लेकीला काउगर्लचं वेड लागलंय. हॅट डोक्यावर आणि तोंडात सतत गाणं. अशाच गाणाऱ्या छोट्या काउगर्लची गोष्ट हवीय. बजेट १५ डॉलर. इंग्रजी चालेल, मी मराठीत सांगते.

दाण्याचं_कूट: बटण दाबलं की गाणं वाजतं ते घ्या. ३० च्या आसपास पडतं, पण पैसा वसूल.

निवांत७२: बटणवालं अजिबात नको! आमचं बटण अडकलं आणि अर्धी रात्र एकच ओळ. सेल काढायला स्क्रू, आणि स्क्रू ड्रायव्हर गॅरेजमध्ये.

कोकणी_ऑस्टिनकर: लायब्ररी असताना विकत कशाला घेताय?

रानवाटा: गाणं गोष्टीत कामाला येतं की नुसतं तोंडी लावायला आहे, ते बघा. १८७० च्या सुमारास टेक्सासहून कॅन्ससला गुरं हाकत नेत, तेव्हा रात्रीचे पहारेकरी कळपाभोवती घोड्यावरून फिरत संथ चालीत गायचे. अचानक काही वाजलं तर गुरं उधळायची. माणसाचा आवाज कानावर असला की बसून राहायची. हे ज्यात असेल ते घ्या. ध्रुवपद परत परत येणारं असेल तर उत्तम, पोरं लगेच सूर धरतात.

निवांत७२: हे सगळे बाप्येच. मुली कुठायत?

रानवाटा: आहेत की. गायिका पॅट्सी मोंटाना यॉडलिंग करायची, म्हणजे गाताना आवाज झटकन खालीवर उडवायची; १९३५ चं तिचं गाणं तुफान चाललं. सिनेमातली गाणारी काउगर्ल डेल इव्हान्स तर टेक्सासचीच, जन्म १९१२.

टूरटूर: फोर्ट वर्थला काउगर्ल म्युझियम आहे, डॅलसहून तासाभरात पोचाल. तिथल्या स्टॉकयार्ड्समध्ये, म्हणजे गुरांच्या जुन्या बाजारात, लांब शिंगांची गुरं रोज दोनदा रस्त्यावरून नेतात. आम्ही हॅट, बूट सगळं घेतलं. बिल विचारू नका.

दाण्याचं_कूट: अहो, बजेट १५ आहे.

टूरटूर: मग बूट नका घेऊ.

रमा_पुणे: लायब्ररीतून का नाही आणत?

कोकणी_ऑस्टिनकर: मी वर काय लिहिलंय?

डॅलसची_आई: सगळ्यांचे आभार. लायब्ररीतून दोन आणली. रानवाटा म्हणतात तसं गुरांना निजवणारं गाणंही एकात होतं, मला फार आवडलं. बाईसाहेबांनी बाजूला सारलं, कारण घोडा तपकिरी! शेवटी बटणवालंच घेतलं, २२ डॉलर. घोडा पांढरा आहे. निवांत, स्क्रू ड्रायव्हर कुठला लागतो?

निवांत७२: स्टारचा, सगळ्यात बारीक.