अबोला हा राग की शिक्षा?

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

लग्नाला नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत नवऱ्यानं एकदाही आवाज चढवलेला नाही, हात उगारणं तर लांबच. चारचौघांत त्याच्याबद्दल हमखास येणारं विशेषण म्हणजे 'शांत'. आणि मी गेलं वर्षभर एका वहीत तारखा लिहिते आहे, कारण माझ्या आठवणींवरचा माझाच भरवसा उडत चालला होता.

एक पान सांगते. मित्रमंडळी घरी आली होती. गप्पांत त्यानं एका जुन्या सहलीचं साल चुकीचं सांगितलं, मी हसत दुरुस्त केलं. पाहुणे गेले, दार लागलं आणि तो बोलायचा थांबला. अकरा दिवस. मी खोलीत आले की तो उठून जायचा. काय झालं विचारलं की 'कुठे काय'. सहाव्या दिवशी मी माफी मागितली, कशाची ते नीट माहीत नसताना. नवव्या दिवशी पुन्हा. बाराव्या दिवशी सकाळी तो एकदम म्हणाला, "आज उशीर होईल मला." जणू मधे काही घडलंच नव्हतं. मला इतकं हायसं वाटलं की भांडायचंच राहून गेलं. त्या हायसं वाटण्याचीच मला आता जास्त भीती वाटते.

महिन्याभरानं विषय काढला तर म्हणाला, "मी कुठे बोलणं सोडलं होतं? तूच तोंड पाडून बसली होतीस." वही काढून बघितलं. अकरा दिवसच होते.

माझं मत असं. रुसलेल्या माणसाला कुणीतरी समजूत काढायला यावं असं वाटत असतं. शिक्षा देणाऱ्याला समजूत काढणारा माणूस नाक घासताना बघायचा असतो. रुसव्याचं कारण सांगता येतं. इथे कारण शोधत बसणं हीच शिक्षा. या दुसऱ्या प्रकाराला मी मानसिक छळ म्हणते. तुम्ही काय म्हणाल?

तिरकसबाण

असहमत. वाचून वाईट वाटलं, पण छळ हा शब्द फार जड आहे. हल्ली कुणी तिरकं बोललं की छळ, उशिरा उत्तर दिलं की छळ, आवडलं नाही ते सगळं 'टॉक्सिक'. निक हॅस्लम नावाच्या मानसशास्त्रज्ञानं २०१६ साली यावरच लिहिलं होतं: छळ, आघात, दादागिरी हे शब्द पसरत पसरत आधीपेक्षा कितीतरी सौम्य गोष्टींना लावले जाऊ लागलेत. मग खरोखर मार खाणाऱ्या माणसासाठी कुठला शब्द उरला?

आणि माझ्या बघण्यात तरी घरात ज्याचं काही चालत नाही तोच अबोला धरतो. भांडणात ज्याला शब्द सुचत नाहीत त्याच्याकडे गप्प बसण्याशिवाय दुसरं काय असतं? तुम्ही चार लोकांत त्याला खोटं पाडलंत, हेही वहीत लिहिलंय ना?

पाटीपेन्सिल

लिहिलंय. पहिल्याच ओळीत.

अर्धविराम

@तिरकसबाण, हॅस्लम यांनी हे चांगलं की वाईट असा सरसकट निकाल दिलेला नाही. शब्द रुंदावला की पूर्वी न दिसणारी इजाही दिसू लागते, ही बाजूही त्यांनी मांडली आहे. तुम्ही अर्धेच हॅस्लम आणलेत.

शब्द जड आहे म्हणता, तर कायद्यानं तो कधीच उचललाय. भारताच्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळ स्पष्ट शब्दांत आहे, अपमान आणि हेटाळणीसकट. इंग्लंड-वेल्समध्ये २०१५ च्या कायद्यानं जवळच्या माणसावर सतत धाक आणि नियंत्रण ठेवणं हा गुन्हा ठरवला. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिथे एका प्रसंगावर भागत नाही, वागणं पुन्हा पुन्हा किंवा सतत घडलेलं असावं लागतं. अकरा दिवसांचा अबोला म्हणजे लगेच गुन्हा असं मी म्हणत नाहीये. पण छळ एका प्रसंगात दिसत नाही, ओळीनं लावलेल्या प्रसंगांत दिसतो. म्हणून वही.

मध्यरात्र

आमच्या साहेबांची तऱ्हा उलटी. ते बोलतात. सोमवारी सगळ्यांसमोर "हा आपला हुकमी एक्का", गुरुवारी त्याच टेबलापाशी माझा कागद दोन बोटांत चिमटीत धरून, मेलेलं झुरळ उचलावं तसा, "हे काय आणलंय?" सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं मला अजून आठवतं, त्यांचं नाही, माझं. नंतर एकट्यात गाठून विचारलं तर "अरे गंमत केली, एवढं काय मनाला लावून घेतोस!"

धागाकर्तीनं हायसं वाटण्याबद्दल लिहिलंय ते तंतोतंत पटलं. स्किनर या मानसशास्त्रज्ञाचे कबुतरांवरचे प्रयोग वाचले तेव्हा डोक्यात लख्ख पडलं होतं. टोच मारल्यावर दर वेळी दाणा मिळणारं कबुतर दाणे बंद झाले की लवकर नाद सोडतं. कधी मिळतो, कधी नाही, असं ज्याच्याबाबतीत होतं ते मात्र दाणे संपल्यावरही कितीतरी वेळ टोचत राहतं. मी सोमवारसाठी चार वर्षं टोचत होतो.

'दुर्लक्ष कर' हा सल्ला देणाऱ्यांना साष्टांग नमस्कार. दुर्लक्ष करायलाही किती लक्ष द्यावं लागतं, हे त्यांना ठाऊक नसतं. मला उपयोग झाला तो दोन साध्या गोष्टींचा. तोंडी जे काही ठरेल ते त्याच दिवशी ईमेलवर लिहून पाठवायचं, 'आज आपलं असं ठरलं' एवढंच. आणि केबिनमध्ये एकट्यानं जायचं नाही. साहेब सुधारले नाहीत. फक्त माझ्यावरचा खेळ त्यांना महाग पडायला लागला, मग त्यांनी दुसरा गडी शोधला. त्या दुसऱ्याला मी वेळेवर सावध केलं नाही, हे मनात राहिलंय.

घुम्या

पहिल्यांदाच लिहितोय. इतकी वर्षं नुसता वाचत होतो (नावावरून कळलंच असेल). मी दुसऱ्या बाजूचा. अबोला धरणारा.

बायको बोलायला लागली की माझ्या कानात गरम होतं, छातीत धडधड सुरू होते, तिचे शब्द ऐकू येतात पण त्यांचा अर्थ लागत नाही. तेव्हा तोंड उघडलं तर काहीतरी भयंकर बाहेर पडेल असं वाटतं, म्हणून गप्प बसतो. मग गप्प बसल्याची लाज वाटते. मग त्या लाजेपायी आणखी गप्प. तिसऱ्या दिवशी सुरुवात कशी करायची हेच कळत नाही. यात कुणाला शिक्षा द्यायचा विचार कुठेच नसतो. मी छळणारा आहे का?

तिरकसबाण

हेच म्हणत होतो मी. या माणसाला आरोपी करणार का आता?

अर्धविराम

आरोपी नाही, पण इतक्यात सोडूनही देऊ नका. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या भांडणांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. घुम्या सांगताहेत ती धडधड त्यांनी यंत्रं लावून मोजली आहे. नाडी चढलेल्या माणसाला समोरचं बोलणं नीट ऐकूच येत नाही. त्यांचा सल्ला साधा आहे: किमान वीस मिनिटं बाजूला व्हा. पण सांगून व्हा, आणि परत कधी येणार तेही सांगा. 'आत्ता जमणार नाही, रात्री बोलू' या वाक्याला पाच सेकंद लागतात. ते न बोलता तीन दिवस काढले, तर आतून तुम्ही घाबरलेले असा नाहीतर रागावलेले, दाराबाहेर उभ्या माणसाला ते बंद दारच.

पाटीपेन्सिल

@घुम्या, तुमचं प्रामाणिक लिहिणं आवडलं. एक विचारते, राग मानू नका. त्या तीन दिवसांत तुमचा इतरांशीही अबोला असतो का?

मला फरक इथे कळला होता. सातव्या दिवशी नवऱ्याला मित्राचा फोन आला. तो खिडकीशी उभा राहून वीस मिनिटं खळखळून हसत होता, चिडवत होता, "ये ना कधी घरी" म्हणत होता. मी दारात उभी होते. मला वाटलं, सुटलं एकदाचं. त्यानं फोन खाली ठेवला, वळला, मला बघितलं, आणि चेहरा शटर ओढावं तसा बंद झाला. ज्याला शब्द सापडत नाहीत त्याला फोनवर ते कुठून सापडले?

घुम्या

ऑफिसात बोलतो. इतरांशीही बोलतो. थोडं कमी, पण बोलतो.

विचार करतो यावर.

तिरकसबाण

अहो, फोन आला तर माणूस रडत बोलेल का? पाहुणे आले की भांडणारी जोडपी हसत दार उघडतातच की! यावरून काही सिद्ध होत नाही.

आता वहीबद्दल. तुम्हाला ती पुरावा वाटते, मला ती उधारीची चोपडी वाटते. त्यानंही वही ठेवली असती तर? तिच्यात 'मला सगळ्यांसमोर खोटं पाडलं, वर म्हणाली गंमत होती' असं निघालं असतं. घरात दोन वह्या, दोघांचे आकडे बरोबर. मग कोण कुणाला छळतंय?

अर्धविराम

हा मुद्दा खरा आहे, आणि त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. फक्त वही दोन कामांसाठी असू शकते. एक, दुसऱ्याच्या तोंडावर फेकायला. ती चोपडीच, मान्य. दुसरं, आपण वेडे नाही आहोत हे स्वतःला सांगायला. 'गॅसलायटिंग' हा शब्द १९३८ च्या एका इंग्रजी नाटकावरून आला. नवरा वरच्या मजल्यावर गॅसचा दिवा लावतो, त्यामुळे खालच्या दिव्याची ज्योत मंदावते. बायकोला ते दिसतं, आणि तिला वेडी ठरवायच्याच बेतात असलेला नवरा तिला सगळे भास होताहेत असं पटवत राहतो. आता हा शब्द जो तो कुठेही वापरतो, त्यावर तिरकसबाण चिडले तर माझी ना नाही. दोघांना एक प्रसंग वेगवेगळा आठवणं म्हणजे गॅसलायटिंग नव्हे. पण 'अकरा दिवस घडलेच नाहीत, उलट तूच बोलत नव्हतीस' हे त्या दिव्याच्या फार जवळ जातं.

आधी नाकारायचं, मग विचारणाऱ्यावरच उलटायचं, मग आपणच सोसलं म्हणून सांगायचं, या साखळीला मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रायड यांनी १९९७ मध्ये इंग्रजीत एक आद्याक्षरी नाव दिलं. आपल्याकडे ते आधीपासूनच आहे: चोराच्या उलट्या बोंबा.

निवांतवेल

सरळ प्रश्न: निघून का जात नाही तुम्ही? नऊ वर्षं!

मध्यरात्र

@निवांतवेल, हा प्रश्न मलाही विचारायचे. 'नोकऱ्या काय कमी आहेत का!' सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांचा १९६७ चा प्रयोग प्रसिद्ध आहे: आधी ज्या कुत्र्यांना काहीही करून विजेचे झटके थांबवता आले नाहीत, त्यातले बरेचसे पुढे सुटायची वाट समोर असतानाही पडून राहिले. पण खरी गंमत नंतरची. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी लिहिलं की आपलं थोडं उलटं झालं होतं. हतबलता शिकावी लागत नाही, सततच्या त्रासात ती आपोआपच येते. शिकावं लागतं ते 'आपल्या हातात काहीतरी आहे' हे. माझ्यासाठी तो पहिला ईमेल म्हणजे तेवढंच होतं. राजीनामा त्यानंतर दीड वर्षानं दिला.

आणि जिथे धमक्या आहेत, पाळत आहे, हात उचलला जातोय, तिथे 'निघून जा' असं इथे बसून बिनधास्त सांगू नका. निघण्याचा काळ अनेकदा सगळ्यात धोक्याचा असतो. आधी विश्वासातला माणूस, कागदपत्रं, जायची जागा, आणि या कामातल्या मदतकेंद्राचा सल्ला.

निवांतवेल

मान्य. घाईत लिहिलं.

सांजवात

मला 'ग्रे रॉक'चा फायदा झाला. टोमणे मारणाऱ्या नातेवाइकासमोर दगडासारखं मख्ख राहायचं. 'हो', 'नाही', 'बघते'. चिडायचं नाही, खुलासे द्यायचे नाहीत. भांडण पेटायला काही मिळालंच नाही की माणूस कंटाळतो.

तिरकसबाण

वा! म्हणजे तुम्ही गप्प बसलात तर ग्रे रॉक, आणि धागाकर्तीचा नवरा गप्प बसला तर छळ. इंग्रजी नाव दिलं की अबोला सोवळ्यात!

सांजवात

विचारलेल्याला उत्तर देते हो मी. फक्त जास्तीचं देत नाही.

पाटीपेन्सिल

@तिरकसबाण, तुमचा हा बाण बरोबर बसला. दोन दिवस त्यावरच अडकले होते.

सांजवात मार खाऊ नये म्हणून अंग चोरते, माझा नवरा मारायचा म्हणून अंग काढून घेतो, असं उत्तर मी आधी लिहिलं होतं. मग खोडलं. कारण वही पुन्हा वाचताना एक आठवलं जे मी वहीत लिहिलेलंच नाही. धाकट्या बहिणीशी मी चार दिवस बोलले नव्हते. तिनं माझी एक गोष्ट परस्पर आईला सांगितली म्हणून. ती रोज विचारायची, "ताई, काय झालं?" मी म्हणायचे, 'कुठे काय'. अक्षरशः हेच दोन शब्द. तिसऱ्या दिवशी ती रडली तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं. हे लिहिताना हात जड झालाय.

म्हणून मी छळ हा शब्द मागे घेत नाहीये. मी केलं तोही तोच प्रकार होता, एवढंच. फरक हा, की चार दिवसांनी मी तिला सांगितलं, मी मुद्दाम केलं. ते ऐकायला मी नवऱ्याकडून नऊ वर्षं थांबले आहे. पुढच्या आठवड्यात समुपदेशकाची वेळ घेतली आहे. तो येणार नाही म्हणाला. मी एकटी जाणार आहे, वही घेऊन.

तिरकसबाण

वही न्या, पण बहिणीचं पान त्यात लिहून न्या.

फोनच्या मुद्द्यावर मी अजूनही असहमत.

घुम्या

परवा पुन्हा झालं आमचं. कान तापले. उठता उठता कसंबसं म्हणालो, "अर्ध्या तासानं बोलू." गच्चीवर गेलो आणि परत आलो तेव्हा दोन तास होऊन गेले होते. ती घड्याळ समोर ठेवून बसली होती. उशिरावरून पुन्हा भांडण. आम्ही दोघंही बोलत होतो.