'लिस्टेड पब'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: लंडनच्या किलबर्न भागातल्या कार्लटन टॅव्हर्न या पबवर लिहितेय. 'ग्रेड टू लिस्टेड पब' (म्हणजे कायद्याने जपलेल्या जुन्या इमारतींच्या सरकारी यादीतला) यासाठी 'द्वितीय श्रेणी सूचीबद्ध मद्यालय' सुचवलं गेलंय. वाचवत नाही हो. दुसरं काही?

– 'सूचीबद्ध' म्हटलं की शेअर बाजारच डोळ्यांसमोर येतो. 'वारसा यादीतला पब' लिहा, खपून जाईल. श्रेणी सांगताना मात्र मुंबईशी गल्लत नको. इंग्लंडात एक, तारांकित दोन आणि साधी दोन. मुंबईत एक, दोन-अ, दोन-ब, तीन.

– 'पब' तसाच राहू द्या. 'गुत्ता' तर नकोच. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता, ठेका. मराठवाड्यात गुत्तेदार आजही कंत्राटदारच. 'परमिट रूम' आपल्या दारूबंदी कायद्यातल्या परमिटांची लेक, तिला लंडनला कशाला धाडायचं? अडचण एवढीच की पुण्या-मुंबईच्या वाचकाला पब म्हटलं की कानठळ्या बसवणारा डीजे आठवतो. तिकडे पब म्हणजे पब्लिक हाऊस. पोराबाळांना घेऊन लोक रविवारचं जेवायलाही जातात. तेव्हा पहिल्या उल्लेखात 'वस्तीतला जुना पब' म्हणा, पुढे नुसतं पब.

– थांबा, कार्लटनला 'वारसा यादीतला' म्हणूच नका, सगळी गोष्ट तिथेच फिरते! आधीचा पब पहिल्या महायुद्धातल्या जर्मन बाँबहल्ल्यात गेला. मग १९२०-२१मध्ये चॅरिंग्टन या बिअर कंपनीसाठी हा बांधला. दुसऱ्या महायुद्धातही टिकला. एप्रिल २०१५मध्ये यादीत जाणार, त्याच्या दोनच दिवस आधी मालकांनी परवानगी न घेता बुलडोझर घातला. यादीत नाव नव्हतं, म्हणून वेस्टमिन्स्टर कौन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकेने, बडगा उगारला तो नगरनियोजनाच्या कायद्याचा: होता तस्साच पुन्हा बांधा. वारसा खात्याने इमारतीची बारीकसारीक नोंद आधीच करून ठेवली होती, म्हणून 'होता तस्सा' म्हणायची सोय झाली. राडारोड्यातल्या काही विटा-फरशाही पुन्हा वापरल्या. एप्रिल २०२१मध्ये पब उघडला. 'वारसा यादीच्या उंबरठ्यावरचा पब' म्हणा फार तर.

प्रश्नकर्ती: छान. मग त्याचा 'जीर्णोद्धार' झाला म्हणू?

– देवळाचा होतो तो. शिवाय हा जीर्ण कुठे झाला होता? चांगला धडधाकट असताना पाडला. सरळ 'पुनर्बांधणी' लिहा.