बोक्याच्या फवाऱ्याचा वास चिऱ्यातून पावसाळ्यात पुन्हा का उसळतो?

चिरेबंदी, देवगड
पडवीचं जोतं आणि खांब उघड्या जांभ्याचे आहेत. वाडीतला एक बोका त्यावर फवारून जातो. उन्हाळ्यात काही जाणवत नाही, मृगाचा पाऊस लागला की वास उसळतो. फिनाइल, ब्लीचिंग पावडर, व्हिनेगर सगळं झालं. हा वास जनुकांमुळे की जंतूंमुळे? दोन्ही वाचलंय. नेमकं मुरतं काय आणि काढायचं कसं? घरात मांजरीण आणि पिल्लं आहेत.

गंधरसायन
दोन्ही, पण वेगवेगळ्या टप्प्यांवर.

मांजराच्या मूत्रपिंडात कॉक्सिन नावाचं प्रथिन बनतं आणि थेट मूत्रात उतरतं. म्हणून निरोगी मांजराच्या मूत्रातही प्रथिन सापडतं. त्याचं काम २००६ साली जपानी संशोधकांनी उलगडलं: ते फेलिनिन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल तयार करून देतं. फेलिनिनला स्वतःला वास नाही. बाहेर पडल्यावर ते हळूहळू मोडतं आणि त्यातून थायॉल नावाचं उग्र वासाचं गंधकयुक्त द्रव्य निघतं. कॉक्सिनचं जनुक माद्यांतही असतं. पण खच्ची न केलेल्या बोक्यात टेस्टोस्टेरॉनमुळे ते जोरात चालतं. फेलिनिनचा कच्चा माल म्हणजे सिस्टीन हे अमिनो आम्ल, मासळी-मांसातून येणारं.

कॉक्सिनमुळे मूत्र उभ्या पृष्ठभागावर चांगलं पसरून चिकटतं, असंही अलीकडे दिसलंय. सच्छिद्र चिऱ्याला तर ते आयतंच मिळतं.

जंतू नंतर येतात. दगडावरचे काही जीवाणू युरिएज या विकराने मूत्रातल्या युरियाचा अमोनिया करतात. त्यांना ओल लागते. वैशाखात चिरा कोरडा, म्हणून सगळं थंड. जूनमध्ये क्षार हवेतलं पाणी ओढतात, जंतू जागे होतात आणि छिद्रांत अडकलेली द्रव्यंही सुटतात.

नेटवर सगळे युरिक ॲसिडच्या स्फटिकांना दोष देतात. मांजराकडे युरिकेज हे विकर असतं, त्यामुळे बहुतेक युरिक ॲसिडचं ॲलँटॉइन नावाचं दुसरंच द्रव्य होऊन जातं. तो मुद्दा डोक्यातून काढा.

गुरांचा डॉक्टर, कुडाळ
एक भर. गुदद्वाराशेजारच्या दोन पिशव्यांची दुर्गंधी वेगळी. तिथे जंतू शरीराच्या आतच काम करतात: स्रावातली प्रथिनं-चरबी आंबवून लहान मेदाम्लं बनवतात. लहान भारतीय मुंगसाच्या गुदकोशावर १९७० च्या दशकात हेच दाखवलं गेलं. मांजर घाबरलं की हा सडक्या मासळीसारखा वास सोडतं. तुमच्या खांबावर मात्र मूत्रच आहे.

फिनाइल आधी बंद करा. फिनॉलसारखी द्रव्यं निकामी करणारं यकृतातलं एक जनुक मांजरात मोडकं आहे. पाय चाटले तरी विषबाधा होऊ शकते, पिल्लांना तर नक्कीच धोका. शिवाय ब्लीचिंग पावडर मूत्रावर टाकली तर क्लोरामाइन हा विषारी वायू निघतो, आणि व्हिनेगरसोबत वापरली तर क्लोरीन. म्हणून ब्लीचिंग पावडर आणि व्हिनेगर एकाच जागी वापरू नका.

बोका कोणाचा नसला तरी खच्ची करून घ्या. फवारणं बहुतेकांचं थांबतं. शंभरातले साधारण दहा तरीही करतात. मांजरीणही करून घ्या, नाहीतर दुसरा बोका येईल. कुठलंही मांजर वारंवार बसून थेंबथेंब करत असेल तर ते फवारणं नव्हे, त्याच दिवशी दवाखाना.

जांभा-चुना
काढायची रीत. काम एप्रिल-मे मध्येच करा. ओला चिरा द्रावण पीत नाही.

रात्री ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चने डाग शोधून खडूने खुणा करा. जमिनीपासून वीतभर वर पट्टा दिसेल, खाली ओघळ, आणि खरा साठा सांध्यांत. चुन्याचे काही डागही चमकतात, तेव्हा वास घेऊन खात्री करा.

औषधाच्या दुकानात मिळणारं २० व्हॉल्यूम हायड्रोजन पेरॉक्साइड साधारण ६ टक्के असतं. त्याचं अर्धा लिटर आणि पाणी अर्धा लिटर, म्हणजे ३ टक्के. त्यात ६० ग्रॅम खाण्याचा सोडा आणि चमचाभर भांडी घासायचं लिक्विड. थायॉलचं ऑक्सिडीकरण होऊन वास मरतो. हातमोजे घाला, आणि उरलेलं बाटलीत भरून ठेवू नका, बाटली फुटेल.

जांभ्यातलं लोखंड पेरॉक्साइडला लगेच मोडतं, फेस येऊन ते वरच्या वर संपतं. म्हणून एकदा लावून भागत नाही: २० मिनिटं भिजू द्या, पुन्हा ताजं लावा, मग वरून खाली भरपूर पाणी. नाहीतर सोड्याचा पांढरा क्षार उमटतो. आधी आडबाजूला लावून रंग बघा.

व्हिनेगर चुन्याचे सांधे खातं, ते सोडा. शेवटी पूर्ण सुकल्यावर सिलेन-सिलॉक्सेन या पाणी न शोषू देणाऱ्या लेपाचा हात द्या. ऑइलपेंट नको, ओल आत कोंडून चिऱ्याची खपली पडते.

चिरेबंदी, देवगड
खांबामागची जमीन शेणाने सारवलेली आहे, तिथे?

जांभा-चुना
तिथे धुणं नाही. डाग पडलेला थर बोटभर खोल खरवडून टाका, नवी माती चोपून सारवा. पेरॉक्साइड शेणावर वाया जातं.