घोड्यांचा ट्रेलर ओढायला ब्रेक कंट्रोलर कोणता घ्यावा?

टापटाप:
दोन घोड्यांचा ट्रेलर घेतलाय, दोन ॲक्सल, चारही चाकांना इलेक्ट्रिक ब्रेक. पिकअपला मागे सात पिनचं सॉकेट आहे पण आत कंट्रोलर नाही, म्हणजे गाडीचा ब्रेक दाबला की ट्रेलरच्या ब्रेकला करंट देणारी डबी. दुकानात टाइम-डिले आणि प्रपोर्शनल असे दोन प्रकार दाखवले, दुसरा चांगलाच महाग. दुकानदार म्हणतो नुसतं सामान ओढायचं तर पहिल्यात भागतं. पण माझं सामान चार पायांवर उभं राहून प्रवास करतं ना राव, आणि त्यातली घोडी आधीच ट्रेलरमध्ये चढायला नखरे करते. डॅशबोर्डखाली वायरिंग न करता सरळ प्लगमध्ये बसणारे ब्लूटूथवाले पण मिळतात म्हणे. कुणी वापरलेत का?

गिअरबॉक्स:
प्रपोर्शनल. घोड्यांसाठी दुसरा विचारच नको.
टाइम-डिलेला एवढंच कळतं की ब्रेक लाइट पेटला. तुम्ही पेडलला नुसता पाय टेकवला काय किंवा कचकन दाबला काय, तो आपल्या ठरलेल्या वेळात ठरलेल्या जोरापर्यंत करंट चढवत नेतो. म्हणजे सिग्नलला हळूच थांबताना ट्रेलर मागून ओढल्यासारखा अडतो, आणि खरंच एकदम थांबायची वेळ आली की सुरुवातीला ट्रेलरच गाडीला ढकलतो. प्रपोर्शनलमध्ये सेन्सर असतो, गाडीचा वेग जितका झपाट्याने उतरेल तितकाच जोर ट्रेलरच्या ब्रेकला देतो. घोड्याचं निम्म्याहून जास्त वजन तसंही पुढच्या पायांवर, त्यात ब्रेक टोचून लागला की छाती पुढच्या आडव्या दांड्यावर आदळते आणि मागचे पाय रबर मॅटवर खरवडत जागा शोधतात, तो आवाज पुढे केबिनपर्यंत येतो. असं चारदोनदा झालं की पुढच्या वेळी घोडी रॅम्पवर पाय ठेवत नाही, मग आपण म्हणायचं नखरे करते.

जुनीगाडी:
एवढं पण घाबरवू नका हो नवीन माणसाला. मी वर्षानुवर्षं टाइम-डिलेवर घोडे नेतोय, जोर कमी ठेवायचा, पुढच्या गाडीपासून अंतर राखायचं आणि ब्रेकची वेळच कमी येऊ द्यायची. मोकळ्या रस्त्याला काही फरक पडत नाही. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये मात्र वैताग आहे, ते मान्य.

गिअरबॉक्स:
@जुनीगाडी जोर कमी ठेवला म्हणजे इमर्जन्सीत पण कमीच मिळणार की, तिथेच तर अडचण आहे.

वायरमन:
कंट्रोलरवर भांडण्याआधी ट्रेलरच्या खाली वाकून बघा. भारीतला कंट्रोलर लावून ब्रेक लागत नाहीत म्हणणारे बरेच जण असतात आणि निम्म्या वेळा अर्थिंगची वायर गंजलेली निघते. प्रत्येक चाकात ब्रेक लावणारा एक मॅग्नेट असतो, साधारण एका मॅग्नेटला 3 अँपिअरच्या आसपास करंट जातो, तुमचे चार म्हणजे 12च्या जवळ. मीटर लावून बघा, 9च दाखवला तर एक चाक झोपलंय समजा. ब्रेकअवे स्विचची पिन ओढून ब्रेक लागतात का आणि त्याची बॅटरी चार्ज आहे का तेही बघाच, ट्रेलर हुकवरून सुटला तर तेवढाच आधार असतो.
आणि ट्रेलरला हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक असते तर तो दाब तयार करणाऱ्या युनिटशी जुळणारा कंट्रोलर आहे का ते विचारावं लागलं असतं, तुमचे साधे ड्रमवाले आहेत तर तो प्रश्न नाही. ज्यांच्या ट्रेलरला ओव्हररन ब्रेक आहेत, म्हणजे ट्रेलर पुढे रेटला की कपलिंग दबून ब्रेक लागतात ते, त्यांना मुळात कंट्रोलर लागतच नाही.

टापटाप:
बरं, मग प्रपोर्शनल नक्की. गेन, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकला जास्तीत जास्त किती जोर द्यायचा ते सेटिंग, किती ठेवायचा? आणि बूस्ट म्हणून एक बटण दिसतंय ते काय?

गिअरबॉक्स:
आकडा विचारू नका, प्रत्येक ट्रेलरचा वेगळा असतो. घोड्यांच्या वजनाएवढी पोती भरा, दोन घोडे म्हणजे अंदाजे 1000 किलो, सपाट कोरडा रिकामा रस्ता बघा, आधी थोडं चालवून ब्रेक गरम होऊ द्या. मग ताशी 40च्या आसपास पेडलला पाय न लावता फक्त कंट्रोलरचं लिव्हर पूर्ण दाबा. चाकं लॉक होऊन घासली तर गेन कमी, ट्रेलर नुसता आळसावला तर जास्त, लॉक व्हायच्या किंचित अलीकडे थांबा. ही टेस्ट घोडे आत असताना करायची नाही म्हणजे नाही. घोडे उतरवून रिकामा ट्रेलर परत नेताना गेन खाली आणायचा, नाहीतर रिकामी चाकं लगेच लॉक होतात. ओल्या रस्त्यावर पण थोडा कमी.
बूस्ट म्हणजे ब्रेकच्या सुरुवातीलाच जास्तीचा जोर. ट्रेलर गाडीच्या मानाने जड असेल तर कामाचा, तुमची पिकअप भरलेल्या ट्रेलरपेक्षा जड असेल तर बंदच ठेवा, घोड्यांना पहिलाच धक्का नको.

वायरमन:
ब्लूटूथवाल्यांबद्दल, ते बहुतेक प्रपोर्शनलच असतात आणि भाड्याच्या किंवा दुसऱ्याच्या गाडीला सोयीचे. पण हाताने ब्रेक लावायचा तर काहींमध्ये फोनच्या स्क्रीनवर बोट शोधत बसावं लागतं. ट्रेलर मागे डोलायला लागला की गाडीचा ब्रेक कचकन मारायचा नसतो, ॲक्सिलरेटर सोडून फक्त ट्रेलरचा ब्रेक लिव्हरने हळूहळू लावायचा असतो, म्हणजे तो मागून ताणला जाऊन सरळ होतो. त्या वेळी फोन कोण बघणार? डॅशबोर्डवाला घ्या आणि बसवताना स्टिअरिंग धरून बसा, नजर रस्त्यावर ठेवून हात लिव्हरवर पडतो का बघा, मगच स्क्रू मारा.

टापटाप:
घोडी चढली तर कळवतो 😄 आधी मीटर आणतो.