मदत हवी आहे: डुकरांच्या साथीचा तपास मोबाइलवर करायचाय, फॉर्म अडलाय

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. माझा मेहुणा गुरांचा डॉक्टर, महूकडच्या गावांत डुकरं पटापट मरताहेत, जोरदार ताप, कान-पोट लालनिळं, खाणं बंद की खेळ खलास. 2022 ला रिव्यात आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला होता त्यामुळे सगळ्यांना तीच धास्ती, पण क्लासिकल स्वाइन फीव्हर (वेगळ्या विषाणूचा ताप) पण डिट्टो असाच दिसतो, नुसतं बघून सांगता येत नाही म्हणून नमुने भोपाळच्या लॅबला गेलेत. तोवर साथ कोणाकडून कोणाकडे गेली ते शोधायचंय, आणि मी पडलो आयटीवाला, म्हणून "भाऊजी, मोबाइलवर काहीतरी करून द्या ना".

कोबोटूलबॉक्सवर (मोबाइलवर माहिती गोळा करायचं साधन) फॉर्म केलाय, नेट नसलं तरी भरता येतो, तिथवर ठीक. पण "पहिलं डुक्कर कधी मेलं?" विचारलं की उत्तर येतं "मागच्या हाटाच्या आधी, पाऊस झाला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी". फॉर्मला तारीखच लागते! अंदाजे टाकली तर ग्राफ मस्त दिसेल पण खोटा. शिवाय डुकरं मोकाट, मग जीपीएस मालकाच्या घराचा घेऊ की मेलं तिथला? आणि नकाशा ग्रुपवर फुटला तर संपलंच, सरकार डुकरं मारून टाकेल म्हणून लोक आधीच लपवताहेत.

उत्तर १: तारखेचे दोन रकाने कर भाऊ, लवकरात लवकर कधी नि उशिरात उशिरा कधी. आधी गावातल्या कोणा म्हाताऱ्याजवळ बसून हाट, अमावस्या, लग्नं, पाऊस असं कॅलेंडर बनव, त्यावर बोट ठेवायला सांग. आणि मेलेलं नाही, पहिलं *आजारी* डुक्कर विचार. आफ्रिकन असेल तर लागण ते लक्षणं साधारण 4 ते 19 दिवस, तेवढं मागे जाऊन खोद: नवी पिल्लं आणली का, नर कोणाकडून मागवला, हॉटेलचं खरकटं कुठलं, खाटीक कधी येऊन गेला. दर वेळची नोंद वेगळी, रिपीट ग्रुपमध्ये (तेच प्रश्न पुन्हा पुन्हा भरायची फॉर्मातली सोय).

उत्तर २: जीपीएस दोन्ही घे, नेटशिवाय पण लागतो. मालकाची नावं वेगळ्या फाइलीत, फॉर्मात फक्त कोड. आफ्रिकन निघालाच तर 1 किमीचा बाधित आणि 10 किमीचा पाळतीचा असे घेरे खऱ्या पॉइंटवरूनच आखतात, तो नकाशा सरकारी डॉक्टरकडेच राहू दे, ग्रुपवर फक्त गावाचं नाव. आणि मेहुण्याला सांगा मोबाइल झिपवाल्या पिशवीत घालून न्यायचा, डुकरांच्या दर वाड्यानंतर पिशवी आणि बूट दोन्ही जंतुनाशक औषधाने पुसायचे, नाहीतर साहेबच साथ घेऊन फिरतील 😄

धागाकर्ता: पिशवीचं सुचलंच नव्हतं, धन्यवाद. रिपीट ग्रुप केला, पण एक्सेलमध्ये त्या नोंदी वेगळ्याच शीटवर येताहेत, कुठली कोणाची कळेना?

उत्तर १: त्या शीटला पॅरेंट इंडेक्स नावाचा कॉलम असेल बघ, तोच मुख्य शीटच्या इंडेक्सशी जुळव, एक्सेलच्या व्हीलुकअप फॉर्म्युल्याने होतं.