केमेमलीकने दाखवलेली गळती खरी की खोटी, हे कसे ठरवावे?

प्रश्न:
लिनक्स कर्नलमधील एका ड्रायव्हरवर काम करताना केमेमलीक (मोकळी करायची राहून गेलेली मेमरी, म्हणजे गळती, शोधणारे कर्नलमधील साधन) चालू ठेवले, की २५६ बाइटांच्या काही ऑब्जेक्टांना (वाटप केलेल्या मेमरीच्या तुकड्यांना) कोणाचाच संदर्भ उरलेला नाही, अशा नोंदी येतात. बॅकट्रेसमध्ये (वाटपापर्यंतच्या फंक्शन-कॉलांच्या यादीत) विनंतीसाठी केमॅलॉक (कर्नलमध्ये मेमरी घेणे) करणारे आमचेच फंक्शन दिसते. केमेमलीकच्या फाइलमध्ये ‘क्लिअर’ लिहून यादी पुसली, तरी नव्या विनंत्या आल्या की तशाच नोंदी पुन्हा उमटतात. मात्र ड्रायव्हर काढताना मोकळ्या झालेल्या विनंत्या मोजल्या, तर हिशेब तंतोतंत जुळतो. या विनंत्यांचे पॉइंटर (मेमरीतील पत्ते) गेट_फ्री_पेजेसने थेट घेतलेल्या मेमरीच्या पानांवरच्या तक्त्यात असतात. वाटपानंतर लगेच केमेमलीक_नॉट_लीक (‘ही गळती नव्हे’ अशी खूण) लावणे योग्य ठरेल का?

उत्तर १:
ते लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. केमेमलीक डेटा व बीएसएस विभाग (जागतिक चलांची जागा), पर-सीपीयू भाग (प्रत्येक प्रोसेसरची स्वतंत्र जागा), टास्कचे स्टॅक आणि स्वतःकडे नोंद असलेले ऑब्जेक्ट यांतून पॉइंटरसारखी दिसणारी मूल्ये शोधते. पेज अ‍ॅलोकेटरकडून थेट घेतलेल्या पानांची मात्र त्याच्याकडे नोंदच होत नसल्यामुळे आपला तक्ता ते कधी वाचतच नाही, आणि त्यातले पॉइंटर शाबूत असूनही विनंत्या बेवारस ठरतात. नॉट_लीक लावले, तर एखाद्या त्रुटीच्या वाटेवर विनंती खरोखरच मोकळी करायची राहिली तरी कळणार नाही. त्याऐवजी तक्त्याची पाने केमेमलीक_अ‍ॅलॉकने नोंदवावीत, किमान संदर्भसंख्या (याहून कमी संदर्भ सापडले तर गळती) १ द्यावी. कर्नलमधील बीएलके-एमक्यू (डिस्कसारख्या उपकरणांच्या विनंत्या हाताळणारा भाग) आपल्या विनंत्यांच्या पानांसाठी हेच करते.

आधी खात्री करायची असल्यास हार्डवेअरकडील प्रलंबित विनंत्यांची संख्या स्थिर ठेवून ‘स्कॅन’ काही वेळा लिहून पाहावे. नोंदी त्या संख्येपाशीच थांबल्या, तर संशय तक्त्यावर जातो. प्रत्येक कामागणिक वाढतच राहिल्या, तर गळती खरी मानून शोधावी. पहिल्या स्कॅनवरून निष्कर्ष काढू नये, कारण ५ सेकंदांपेक्षा नवे किंवा मागील स्कॅननंतर ज्यांचा मजकूर बदलला आहे असे ऑब्जेक्ट केमेमलीक त्या वेळी वगळते.

उत्तर २:
वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त एक अपवाद नोंदवतो. डिस्क्रिप्टरमध्ये (हार्डवेअरसाठीच्या विनंतीच्या नोंदीत) केवळ भौतिक पत्ता किंवा डीएमए पत्ता (उपकरण वापरते तो) ठेवला जात असेल, तर पान नोंदवूनही उपयोग नाही, कारण आभासी पत्ता मेमरीत कुठेच शिल्लक नसतो. तेथे नॉट_लीक समर्थनीय आहे, पण कारण सांगणारी टिप्पणी शेजारी असलीच पाहिजे. पॉइंटरच्या खालच्या बिटांत खुणा असतील, तर त्याची काळजी नको. ऑब्जेक्टच्या आत कुठेही निर्देश करणारे मूल्य केमेमलीक ग्राह्य धरते. केमेमलीक_इग्नोर मात्र टाळावे. त्यामुळे तो ऑब्जेक्ट वाचणेच बंद होते आणि त्याच्या आतील पॉइंटरांवर टिकून असलेले इतर ऑब्जेक्ट खोट्या नोंदींत येऊ लागतात.

प्रश्नकर्ता:
आमच्या तक्त्यात आभासी पत्तेच आहेत. पाने नोंदवल्यावर त्या नोंदी थांबल्या. पाने परत करताना वेगळे काही करावे लागते का?

उत्तर १:
होय. फ्री_पेजेसच्या आधी केमेमलीक_फ्री बोलवावे. तसे न केल्यास जुनी नोंद तशीच राहते, आणि तीच पाने पुढे स्लॅबकडे (केमॅलॉकला मेमरी पुरवणाऱ्या भागाकडे) गेली की नवा ऑब्जेक्ट जुन्या नोंदीवर चढल्याची तक्रार करून केमेमलीक स्वतःलाच बंद करून घेते.