कन्स्ट्रेंटला ‘बंधन’ म्हणावं की ‘अट’?

रत्नागिरीहून :
पदविकेच्या मुलांना आयफोन अॅपच्या स्क्रीनची मांडणी कोडातून शिकवतो, स्नॅपकिट ही लायब्ररी घेऊन. टिपणं मराठीत काढतोय. लेआउटला ‘मांडणी’ विनासायास बसलं. लायब्ररी लायब्ररीच ठेवली, ग्रंथालय म्हटलं की वर्ग हसतो. घोडं अडलंय कन्स्ट्रेंटपाशी, म्हणजे स्क्रीनवरच्या वस्तूची जागा किंवा माप ठरवणाऱ्या नियमापाशी. कोशात बंधन, निर्बंध, मर्यादा सापडतात. पण ‘बटणाची वरची कड चित्राच्या खालच्या कडेपासून १६ पॉइंटांवर’ यात बंधन कसलं? मुलांना वाटतं, बटणाला काहीतरी करायला मनाई केली आहे.

वेंगुर्ल्याहून :
अट म्हणा. पारिभाषिक शब्द निवडताना मी आधी त्याच्यासोबत येणारी क्रियापदं बघते. अट घालता येते, काढता येते, पाळता येते, मोडता येते, शिथिल करता येते. तुमच्या कामाला हीच पाच लागतात. दोन अटी एकमेकींच्या आड आल्या की एक्सकोडच्या, म्हणजे अॅप लिहायच्या साधनाच्या, कन्सोलवर लांबलचक तक्रार येते. तिचा मथितार्थ एवढाच, की सगळ्या अटी एकदम पाळणं शक्य नाही, म्हणून यातली एक मोडतो. हे वाक्य ‘बंधन’ घालून म्हणून बघा. आणि अटींना अग्रक्रमाचा (प्रायॉरिटीचा) आकडा असतो, त्यात १००० अग्रक्रमाची ती सक्तीची अट, त्याखालच्या सगळ्या जमल्यास पाळायच्या.

कुडाळहून :
अट चांगला शब्द, पण तो आधीच खपलाय. कोडातल्या ‘इफ’च्या (‘जर असं असेल तर’) कंडिशनला आपण सगळे अटच म्हणतो. एकाच फंक्शनमध्ये दोन्ही आल्या तर पोरं कुठली कुठली ओळखणार?

वेंगुर्ल्याहून :
पुन्हा क्रियापद बघा. इफची अट तपासायची असते, मांडणीची अट पाळायची असते. पहिल्यांदा ‘मांडणीची अट’ असं पूर्ण लिहा, पुढे नुसती अट चालेल.

कुडाळहून :
बरं, पटलं. जाता जाता एक सांगतो. स्नॅपकिट स्विफ्ट या भाषेसाठी आली, त्याआधी ऑब्जेक्टिव्ह-सी या जुन्या भाषेमध्ये हेच काम करणाऱ्या लायब्ररीचं नाव होतं मॅसनरी, म्हणजे चक्क गवंडीकाम. चिऱ्याची भिंत उभी राहताना बघितलेल्याला यातले निम्मे शब्द फुकट मिळतात. उभी कड ओळंब्यात, आडवी दोरीत. ‘तीन लेबलं एका दोरीत घे’ म्हटलं की अलाइनमेंट समजावावी लागत नाही. त्याला ‘संरेखन’ म्हणालात तर आमच्याकडचा गवंडी विचारेल, “ता काय असता?”

अलिबागहून :
सध्या बरंच नवीन काम स्विफ्टयूआय या अॅपलच्या स्क्रीन बांधायच्या नव्या पद्धतीत चालतं, तिथे या अटी हाताने घालाव्याच लागत नाहीत. तिथे प्रश्न स्टॅकचा, म्हणजे वस्तू रचून ठेवणाऱ्या डब्याचा. मुख्य तीन आहेत : एचस्टॅक (शेजारी शेजारी), व्हीस्टॅक (एकाखाली एक), झेडस्टॅक (एकावर एक). मी चळत, उतरंड वगैरे सुचवणार होतो.

वेंगुर्ल्याहून :
उतरंडीत मोठं मडकं खाली आणि लहान वर, व्हीस्टॅकमध्ये असं काही नसतं. चळत नाण्यांची, एकावर एक. ती फार तर झेडस्टॅकला शोभेल, पण तिथेही ‘थर’ सरळ आहे. बाकी दोन आडवी ओळ आणि उभी ओळ. त्यात कोड्यात पडण्यासारखं काय आहे?

रत्नागिरीहून :
अट घेतली, ओळंबा-दोरीही घेतली. आता खरी अडचण. वर्गात मासळीच्या दराची स्क्रीन करून घेतो. एका ओळीत आधी नाव, मग भाव. कोडातून केलेल्या दोन्ही लेबलांचे (मजकूर दाखवणाऱ्या पट्ट्यांचे) अग्रक्रम मुळात सारखेच असतात, हगिंगचा (उरलेल्या जागेत न फैलावण्याचा) २५० आणि कम्प्रेशन रेझिस्टन्सचा (कमी जागेत न आकसण्याचा) ७५०. नाव ‘बांगडा’ असलं की जागा उरते, पण ती कोणी घ्यायची हे ठरत नाही. नाव ‘कोळंबी, मोठी, सोललेली’ असलं की जागा पुरत नाही, आणि कधी भावाचाच बळी जाऊन ‘₹ ६…’ एवढंच दिसतं. नावाची शेपटी कापली तर गिऱ्हाईक समजून घेईल, भाव कापलेला कोण चालवून घेईल? म्हणून भावाचे दोन्ही अग्रक्रम नावापेक्षा वर न्यायचे. मुलांना हे पटतं, नावं पटत नाहीत. ‘आलिंगन अग्रक्रम’ लिहायला माझा हात धजत नाही.

मालवणहून :
हगिंग म्हणजे अंग चोरणं! एसटीच्या बाकावर तिसरा बसायला आला की पहिले दोघं करतात ते.

वेंगुर्ल्याहून :
शब्द झकास, जागा चुकली. अंग चोरणारा आपल्या मापापेक्षाही कमी जागेत बसतो. हगिंगचा अग्रक्रम जास्त असलेलं लेबल आपलं माप सोडत नाही, जागा उरली तरी फैलावत नाही. अंग चोरतं ते कम्प्रेशन रेझिस्टन्सचा अग्रक्रम कमी असलेलं. म्हणजे तुमच्या स्क्रीनवरचं नाव.

मालवणहून :
मग जोडीने घ्या. हगिंग म्हणजे ताणू न देणं, कम्प्रेशन रेझिस्टन्स म्हणजे चेपू न देणं. इंग्रजी नावांवरून ही जोडी आहे हे पटकन लक्षातच येत नाही.

रत्नागिरीहून :
वा. ‘भावाला ताणू देऊ नका, चेपू देऊ नका’, टिपणात असंच जाईल.

रत्नागिरीहूनच, पण दुसरा :
वर ‘डावीकडे नाव’ न म्हणता ‘आधी नाव’ म्हणालात ते बरं केलंत. आपल्या जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. उद्या तुमच्याच एखाद्या विद्यार्थ्याने अॅप उर्दूत केलं तर ओळ उजवीकडून सुरू होईल. अटी लेफ्ट-राइटला बांधलेल्या असतील तर मांडणी जागची हलणार नाही. लीडिंग-ट्रेलिंगला बांधल्या असतील तर ती आपोआप पालटेल. तेव्हा टिपणात ‘डावी कड, उजवी कड’ नको. सुरुवातीची कड आणि शेवटची कड म्हणा.

रत्नागिरीहून :
‘सुरुवातकड’ असं जोडून लिहू का? आकृतीत जागा कमी असते.

वेंगुर्ल्याहून :
आकृतीत नुसतं ‘सुरुवात’ आणि ‘शेवट’ लिहा, कड तिथे दिसतेच.